सोड्याचं पाणी

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स धुण्याचा एक कारखाना होता. बदलापूरहून लोकलने येणारा एक मुलगा तिथे नव्याने लागला. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेला, म्हणून एन्झाइम वॉशचं काम सेठने त्याच्याकडे दिलं.

त्याला त्या द्रावणाचं भारी कौतुक. डबा खाताना तो वॉशिंग मास्तरांना सांगे, "मामा, ही बुरशीची करामत आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा ट्रायकोडर्मा रीसी सापडली. तिचं सेल्युलेज हे एन्झाइम सूत खातं." उल्हासनगरही त्याच युद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिच्या बराकींत राहिले आणि 1949 साली वसाहतीला हे नाव मिळालं. तंबू कुजवणारी बुरशी छावणीच्या गावात पोटापाण्याला लागली, याचं मुलाला फार अप्रूप.

"मूळ बुरशी गरजेपुरतंच सेल्युलेज करते. तयार साखर मिळाली की काम बंद. पुढे 1970च्या दशकात रटगर्स विद्यापीठात अतिनील किरण आणि रसायनं वापरून तिचे नवे वाण काढले. त्यातल्या एकाचा तो ब्रेकच गेला. साखर असली तरी तो सेल्युलेज करतच राहतो."

मास्तरांनी विचारलं, "मग थांबवायचं कोणी?"

"आपणच. पन्नास अंशांचं पाणी, थोडं आम्ल, पाऊण तास. मग सोडा आणि ऐंशी अंशांचं पाणी. त्यात एन्झाइम मरतं."

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी घाईचा लॉट आला. सोड्याची धुलाई म्हणजे आणखी वेळ, बॉयलरला आणखी जळण. "साध्या पाण्यातून काढा," सेठ म्हणाले. पुढे काय होईल ते मुलाला ठाऊक होतं. नोकरी नवी होती, तो बोलला नाही. मला सेठच्या घाईपेक्षा हे गप्प बसणं जास्त सलतं. त्या खोलीत शास्त्र शिकलेला तो एकटाच होता.

पँटी ओल्याच ढीग घालून ठेवल्या. सोमवारी रंग हवा तसा उतरला होता, पण मास्तरांनी मांडीवर कापड ताणलं आणि ते टरकन फाटलं. एन्झाइम काम करून खर्ची पडत नाही. सेल्युलोजची एक साखळी तुटली की ते दुसरीकडे वळतं. रविवारचा अख्खा दिवस त्याचं काम चालू होतं.

सेठ संतापले, मग शांत होऊन म्हणाले, "यापुढे काय काय लागेल ते लिहून दे."

मुलाने लिहिलं: प्रत्येक लॉटला सोडा आणि गरम पाणी.

"सुटलेला रंग कुठे जातो, तेही लिही," मास्तर म्हणाले.

एन्झाइम नीळ खात नाही. ते धाग्याचा वरचा पापुद्रा कुरतडतं, त्याबरोबर नीळ सुटते आणि पाण्यात राहते. ते निळं पाणी नाल्यातून वालधुनीत जात होतं. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून येणारी ही नदी. मुलाने खाली दुसरी ओळ लिहिली: सांडपाणी नाल्यात सोडण्याआधी शुद्ध करायची सोय.

सेठने पहिली ओळ लगेच मंजूर केली. दुसरीवर बोट ठेवून म्हणाले, "हे पुढच्या हंगामात बघू." या वेळी मुलगा बोलला, पुन्हा पुन्हा बोलला. हंगाम मात्र तसेच गेले. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. कॅम्पातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांची वीज आणि पाणी तोडलं गेलं, त्यांत हाही होता.