पाच ग्रॅम शिसं

भोसरीच्या एका ओतकाम कारखान्यात आजोबांची तेहतीस वर्षं गेली. वितळलेलं जस्त दाबाने डायमध्ये भरायचं आणि कार्ब्युरेटरची अंगं, कुलपं, कड्या काढायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी धातूची कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून बघतात. वरची बाजू गिऱ्हाइकासाठी आणि खालची जाणकारासाठी असते, असं त्यांचं म्हणणं.

नातवालाही त्याच धातूचं वेड लागलं, पण खेळण्यांच्या रूपात. मॅचबॉक्स, डिंकी, कॉर्गी अशा जुन्या छोट्या मोटारी तो जमवायचा, घ्यायचा, विकायचा. त्यांच्या गोष्टी सांगताना त्याचे डोळे चमकायचे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं. म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्सची मालिका सुरू झाली.

“या गाड्या खेळण्यासाठीच केलेल्या, आजोबा,” तो सांगायचा. “पोरांनी त्या जिन्यावरून सोडल्या, मातीत पुरल्या, पावसात विसरल्या. कोऱ्या राहिल्या त्या थोड्या, म्हणून त्या महाग.” किंमत कशावर फिरते, हेही त्याला तोंडपाठ होतं. १९६८ साली हॉट व्हील्स सुसाट पळू लागल्या, तेव्हा मॅचबॉक्सनेही पुढच्याच वर्षी वेगवान चाकं आणली आणि जुन्या चाकांच्या गाड्यांना मागणी आली. मॅचबॉक्सचा मागिरस-ड्यूट्झ क्रेन ट्रक चंदेरी रंगात सहज मिळतो, पण तोच तपकिरी रंगात इतका क्वचित सापडतो की शौकीन हजारो पौंड मोजतात. डिंकीचे जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी’ गाड्या निघाल्या. त्यांचा रंग ओबडधोबड, म्हणून तेव्हा त्यांना दुय्यम समजायचे. आज त्याच ओबडधोबड निकी लोक शोधत फिरतात.

एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला तो क्रेन ट्रक मिळाला, चंदेरीच. कडांचा रंग उडालेला, टपावर लांब चरा. तसाच विकला तर फार पैसे येणार नव्हते. त्याने रंग काढायच्या द्रावणात ट्रक बुडवला, स्प्रेचा चंदेरी हात मारला, जुन्या डब्याची रंगीत प्रत छापून डबा चिकटवला आणि फोटो टाकला. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षककाकांचा लगेच निरोप आला, “रंग मूळचाच आहे ना?”

त्याने लिहिलं, “हो. ओरिजिनल.”

काकांनी उत्तर दिलं, “लहानपणी माझ्याकडे हाच होता. मामांनी मुंबईहून आणला होता. उद्या सकाळी पैसे पाठवतो.”

सौदा जमल्याच्या आनंदात त्याने संध्याकाळी कपाटातली खास पेटी आजोबांपुढे ठेवली. आत त्याचा सगळ्यात मोलाचा ऐवज होता. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीची, दुसऱ्या महायुद्धाआधीची डिंकी लॉरी. पहिला बोनस सगळाच्या सगळा मुंबईच्या चोरबाजारात मोजून त्याने ती आणली होती. पावसाळाभर पेटी उघडलीही नव्हती.

आजोबांनी लॉरी सवयीने उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खालची पट्टी मधोमध वाकली होती. रंगाखालून केसाएवढ्या रेषा निघून एकमेकींना मिळाल्या होत्या. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, तर पुढचं मडगार्ड खारीसारखं चुरून त्यांच्या तळव्यावर पडलं.

नातू ओरडलाच. “आजोबा! हळू!”

“मी दाबलं नाही रे. बघ, आतून राखाडी भुगा झालाय.”

“पण मी तर हातसुद्धा लावला नाही हिला. कधी मोडली?”

“ओतली त्या दिवशी,” आजोबा म्हणाले.

त्यांनी लॉरी वर्तमानपत्रावर ठेवली. “या धातूत मुख्य जस्त. त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम. आणि शिसं जवळजवळ नकोच. शंभर किलोत पाच ग्रॅम, आमची हद्द तेवढीच. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखरेचं वजन. त्याहून जास्त गेलं तरी भट्टीपाशी काही कळत नाही. शिसं वितळतं आणि दिसेनासं होतं. वस्तू सुरेख निघते, रंग चढतो, दुकानात विकलीही जाते. पण ते शिसं कणाकणांच्या फटीत बसून राहतं. हवेतली ओल तिथवर पोचली की धातू आतून फुगतो आणि तडकतो. कधी वर्षात, कधी पन्नास वर्षांनी.”

“काहीतरी लावता येईल ना वरून?”

“वरून काय लावणार? दुखणं आत आहे. असला तुकडा आम्ही भंगारातसुद्धा वेगळा काढायचो. चुकून परत भट्टीत गेला, तर चांगला मालही नासवतो.”

नातू भुग्याकडे बघत बसला. कपाटावर नव्या रंगाचा क्रेन ट्रक चकाकत होता. ‘ओरिजिनल’ या आपल्या एका शब्दाचं वजन किती होतं, हे त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं. पैसे आले असते, काकांनी तो काचेच्या कपाटात ठेवला असता, कदाचित जन्मभर कळलंही नसतं. पण त्यानंतर त्याने विकलेल्या प्रत्येक गाडीत तो शब्द बसून राहिला असता.

तो उठून गच्चीत गेला आणि फोन लावला. “काका, मघाशी मी खोटं लिहिलं. रंग मी दिलाय. डबाही छापलेला आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काकांनी विचारलं, “आधी कसा होता?”

“कडा उडालेल्या होत्या. टपावर एक चरा होता. लांब.”

“माझ्याही ट्रकला होता,” काका म्हणाले. “ओट्यावरून खाली पडला होता. तू तसाच दिला असतास, तर मी आनंदाने घेतला असता रे.”

काढून टाकलेला रंग परत आणता येत नाही. काकांनी ट्रक घेतला नाही. नातवाने त्या रात्री सुईच्या टोकाने त्याच्या तळाशी दोन शब्द कोरले, ‘रंग नवा’. डब्याच्या आतल्या बाजूला लिहिलं, ‘नक्कल’. आपल्या हातून निघून तो दहा हात फिरला, तरी पुढच्या कुणाची फसगत होऊ नये, म्हणून. पुढे तो शाळकरी पोराला किरकोळ पैशांत गेला. पोराने तो तिथल्या तिथे फरशीवर पळवून पाहिला.

भुगा झालेली लॉरी मात्र त्याने टाकली नाही. काचेच्या बरणीत भरून कामाच्या टेबलावर ठेवली. गाडीचं वर्णन लिहायला बसला की ती समोर असते. चरा असेल तर चरा लिहितो, चाक बदललेलं असेल तर तेही लिहितो. भाव कमी येतो. येऊ दे, म्हणतो.

दिवाळीच्या सुमारास नाशिकहून फोन आला. “अरे, पुण्यात एकाकडे निकीची मिनीबस आलीय म्हणे. रंग मूळचा आहे असं तो सांगतो. मला तिकडे येणं होत नाही.” काका क्षणभर थांबले. “तू जाऊन एकदा उलटी करून बघशील का? तू सांगशील ते मी धरून चालेन.”