रोलरचं लेखाशीर्ष

ही गोष्ट दिग्रसच्या नगर परिषदेत घडलेली नाही. पण विदर्भातल्या कुठल्याही नगर परिषदेत उद्या घडावी, इतकी ओळखीची आहे.

नगराध्यक्ष भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेले आणि हिंजवडी पाहून आले. काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं, त्यातली दोन तर आपल्याच वॉर्डातली. परतल्याबरोबर सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय आला : शहरात तंत्रज्ञान केंद्र उभारणे. तीन मजल्यांचा नकाशाही तयार झाला. विद्यापीठाचं नाव जोडलं की प्रस्तावाला वजन येतं, म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला पत्र गेलं. "आपलं कॉलेज अमरावती विद्यापीठाचं, पत्र तिकडं द्या," असं एका सदस्याचं म्हणणं होतं. पण इथं तूर, कपाशी, सोयाबीन पिकतं, तेव्हा अकोलाच बरं, असं ठरलं.

कृषी अभियांत्रिकीच्या मॅडम आल्या. नकाशा टेबलावर पसरलेला होता. त्यांनी तो पाहिला, चहा घेतला आणि विचारलं, "बाजार समितीत हर्रास किती वाजता असतो?"

तुरीचे दिवस होते. यार्डात ढिगाला ढीग लागलेला. अडत्याचा माणूस ओंजळ भरून दाणे वर उधळायचा, परत झेलायचा, एक दाणा दाताखाली कडकन फोडून ओलावा बघायचा आणि भाव ओरडायचा. मापाऱ्याच्या काट्यावरून पोती थेट ट्रकात.

"हा माल कुठं जातो?"

"अकोला. नाहीतर नागपूर. तिकडं डाळमिली आहेत ना," नगराध्यक्ष म्हणाले.

"आणि तुमच्या घरची डाळ कुठून येते?"

नगराध्यक्षांनी नगरसेवकांकडं पाहिलं. नगरसेवकांनी ट्रककडं. डाळ अर्थातच तिकडूनच येत होती. जाताना तुरीचं भाडं, येताना डाळीचं भाडं, मधली भरडाई तिकडच्या मिलवाल्याची. एवढंच नाही, तुरीची जी चुनी निघते, तीसुद्धा इथले म्हशीवाले पोत्यानं विकत आणत होते. आपल्याच शेतातलं टरफल.

नगराध्यक्ष हुशार माणूस. ते लगेच म्हणाले, "मग तळमजल्यावर डाळमिलच टाकू!"

पोतं उचलता उचलता एक हमाल हसला. "डाळमिल हाये न भाऊ आमच्या तांड्यावर. कोंबड्या बसते तिच्यावर."

तांडा गावापासून फार लांब नव्हता. बचत गटाच्या अध्यक्ष बाईंना सगळे याडी म्हणायचे. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. त्यांनी ताडपत्री बाजूला केली, कोंबड्या हाकलल्या. आत 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' उभी होती. हे यंत्र मॅडमच्याच विद्यापीठानं विकसित केलेलं. गावातल्या तुरीची गावातच डाळ व्हावी, दोन-चार बायांना काम मिळावं, यासाठीच ते निघालं होतं.

मॅडमनी पदर खोचला, जाळी उघडली आणि आतल्या रोलरवरून हात फिरवला. या रोलरवर कुरुंदाचा खरबरीत थर असतो. त्यात घासून तुरीला आधी चिरा पडतात. मग दाण्यांना तेलाचा हात द्यायचा, मुरत ठेवायचं, उन्हात वाळवायचं आणि परत यंत्रात सोडायचं. तेव्हा साल सुटतं आणि डाळ दुभंगते. सगळा खेळ त्या खरबरीतपणाचा. इथला रोलर मात्र ताटलीसारखा गुळगुळीत झाला होता.

"दोन हंगाम झकास चालली," याडी म्हणाल्या. "क्विंटलमागं ७० किलोच्या वर डाळ पडे. मंग साल निघेना. दोनदा घातली तं डाळ कमी न चुनीच जास्त. रोलर भरून आणाले अकोल्याले जा, गाडीभाडं द्या, आठ दिवस थांबा. तवरक हंगाम जाते."

"कोणाला सांगितलं नाही?"

"सांगतलं न. ऑफिसातला म्हणे, नव्या मशीनसाठी अर्ज करा, अनुदान हाये."

हे मात्र खरं आहे. नव्या यंत्राला हार घालतात, फीत कापतात. जुन्याच्या बेअरिंगसाठी आजवर कोणी मंडप टाकलेला ऐकिवात नाही.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंत्र दिलं त्या दिवशी आम्ही फोटो काढला होता. दुसरा आज काढते." आणि कोंबड्यांची विष्ठा, ताडपत्री, सगळ्यासकट खरंच काढला.

पुढचं काम सोपं होतं, पण कंटाळवाणं होतं. आयटीआयची पोरं दिग्रस, दारव्हा, आर्णी, मानोरा इकडं मोटारसायकलवर फिरली आणि अशी बंद पडलेली यंत्रं कुठं कुठं आहेत याची वही भरली. त्यांना रोलरवर थर कसा चढवायचा, तोल कसा साधायचा, पट्टा किती ताणायचा, हे मॅडमच्या विभागातल्या मेस्त्रीनं शिकवायचं ठरलं. तो शिकलेला कमी होता, पण रोलरच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगायचा. जागा म्हणून नगर परिषदेच्या जुन्या शाळेची एक खोली निघाली. नगराध्यक्षांनी एकच हट्ट धरला, की दारावर पाटी 'तंत्रज्ञान केंद्र' हीच लागली पाहिजे.

विषय सभेपुढं आला तेव्हा मुख्याधिकारी अडले. "इमारतीला लेखाशीर्ष आहे. यंत्रखरेदीला आहे. बचत गटाच्या रोलर दुरुस्तीला मी पैसे कुठून टाकू? ऑडिटला काय सांगू?"

कोणालाच उत्तर सुचेना. मागच्या खुर्चीवरून याडी उठल्या. "साहेब, फुकट नोको. रोलर भरायचे पैशे आमी देतो. पोराईची मजुरीबी देतो. खोली अन् लाईट तेवढी तुमची."

"वीजबिलाला लेखाशीर्ष आहे!" मुख्याधिकाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

तीन मजल्यांचा नकाशा पुढच्या सभेपर्यंत तहकूब राहिला. खोलीचा ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि विषय क्रमांक दोन, नालेसफाई, पुकारल्याबरोबर सभागृहात नेहमीसारखं भांडण जुंपलं.