पानावरचा आकडा

हाताने लिहिलेली जुनी पोथी कधी जवळून पाहिली आहे का? आडवी, लांबट पाने. त्यांना शिवण नसते, डिंक नसतो. वर-खाली लाकडी फळी, भोवती कापड आणि त्यावर दोरी, एवढीच बांधणी. वाचायला बसले की दोरी सोडायची, पान उचलायचे, दोन्ही बाजू वाचायच्या आणि ते उलटून पलीकडे ठेवायचे. म्हणजे पोथी उघडली की तिचे प्रत्येक पान सुटे होते. घरात वारा येतो, लहान मूल रांगत येते, वाचणाऱ्याचा हातही कधी सुटतो. तरी या पोथ्या दोनशे-तीनशे वर्षे आपला क्रम धरून राहिल्या. त्यामागे एक अगदी लहान गोष्ट आहे. प्रत्येक पानाच्या समासात लिहिणाऱ्याने घातलेला आकडा. आपल्या छापील पुस्तकात प्रत्येक पृष्ठाला वेगळा आकडा असतो. पोथीत तसे नाही. दोन्ही बाजू मिळून पानाला एकच आकडा. आपल्याकडच्या देवनागरी पोथ्यांत तो बहुतेक वेळा पानाच्या मागच्या बाजूला सापडतो, दक्षिणेकडे पुढच्या बाजूला. डाव्या समासात वर ग्रंथाच्या नावाची दोन-चार अक्षरे आणि त्याखाली आकडा. उजव्या समासात खालच्या अंगाला पुन्हा तोच आकडा, आणि कित्येक पोथ्यांत त्याच्या डोक्यावर ‘राम’. एक कोपरा झिजून गेला, तरी दुसरा कोपरा पानाची जागा सांगतो.

हा आकडा कुणासाठी असतो? लिहिणारा तर ओळीने लिहीत चाललेला असतो. मागचे पान कोणते, पुढचे कोणते, हे त्याला विचारावे लागत नाही. तरी तो पानागणिक थांबतो आणि समासात आकडा घालतो. त्याच्यानंतर जो कुणी ती पोथी हातात घेईल, त्याच्यासाठी. पोथीला तेल-पाणी लागू देऊ नये, बांधणी ढिली ठेवू नये, अशी विनंतीही कितीतरी लेखक पोथीच्या शेवटी करून जातात. न पाहिलेल्या वाचकाची एवढी काळजी त्यांना असते. आणि ती काळजी खरेच उपयोगी पडते. ओवीबद्ध ग्रंथात ओव्यांचे आकडे तरी असतात. गद्य टीकेत तोही आधार नाही. पान संपते तिथे वाक्य मध्येच थांबते, कधी शब्दही अर्धा राहतो. अशी पाने विस्कटली आणि त्यांवर आकडे नसले, तर एका पानाचा शेवट दुसऱ्या प्रत्येक पानाच्या सुरुवातीशी जुळवत बसावे लागेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत ठिकठिकाणच्या पोथ्या तिथे श्लोकाला श्लोक लावून ताडून पाहिल्या गेल्या. त्या आवृत्तीच्या तळटीपांत एक नोंद भेटते: अमुक पोथीत हा मजकूर नाही, कारण तिचे ते पान हरवले आहे. पान हरवले हे कसे कळते? आधीच्या आणि नंतरच्या पानांवरच्या आकड्यांवरून. ते नसते, तर या पोथीत हे श्लोक मुळातच नव्हते, असा समज सहज झाला असता. आहे त्याला जागेवर बसवणे आणि गेले त्याची जागा राखून ठेवणे, ही दोन्ही कामे त्या एवढ्याशा खुणेने केली.

खूण राहून गेली तर काय होते, तेही आपल्या इतिहासाने पाहिले आहे. अठराव्या शतकातल्या कितीतरी मराठी पत्रांवर दिवस आहे, महिना आहे, पण वर्ष नाही. यात लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. पत्र काही दिवसांत पोचायचे, आणि ते वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच होते. पुढे हेच कागद शे-दीडशे वर्षांनी अभ्यासकांच्या हाती आले. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून असे कागद गोळा करत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि माला २२ खंडांपर्यंत गेली. नंतर १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. या अभ्यासकांना साल नसलेले पत्र समोर आले की थांबावे लागे. मजकुरात कुठल्या मोहिमेचा उल्लेख आहे, कुणाचे लग्न, कुणाचा मृत्यू, ते आधी शोधायचे. मग जंत्री काढून ताळा पाहायचा. कधी पत्र घेणाऱ्याने कागदाच्या मागे ते पावल्याचा दिवस टिपून ठेवलेला असे. दप्तरात बसलेल्या कुणा कारकुनाची ती दोन अक्षरे. त्याचे नाव आज कुणाला माहीत नाही, पण त्याच्या सवयीने इतिहासाला हात दिला. जे लिहायला एक क्षण लागला असता, ते शोधायला पुढच्यांचे दिवस गेले. आणि ज्याने तो क्षण दिला, त्याने कुणाचे तरी ते दिवस वाचवले.

आपल्या घरातही रोज सुटे कागद जमत असतात. रक्ततपासणीचा रिपोर्ट, विम्याची पावती, मुलांच्या शाळेचे दाखले, गावाकडच्या जमिनीचा उतारा. लग्नातले फोटो असतात, आई सांगत असताना पाठकोऱ्या कागदावर उतरवलेली लोणच्याची कृती असते. कोणता कागद कशाचा, हे आज आपल्याला नीट आठवते, आणि आठवते म्हणूनच त्यावर काही लिहायचे राहून जाते. फोटोतल्या चार बायकांत मावशीआजी कोणती, हे आज आई सांगू शकते. काही वर्षांनी तो फोटो नातीच्या हातात असेल आणि सांगायला कुणी नसेल. ऑफिसातही तसेच. अर्धवट राहिलेले काम आपल्या डोक्यात अगदी स्पष्ट असते, पण उद्या आपण रजेवर असलो तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते पहिल्यापासून उलगडावे लागते. फाइलवर दोन ओळी असल्या, काय झाले आणि काय राहिले, तर त्याची सकाळ सोपी जाते. हे सगळे एका दिवसात लावायला हवे असे नाही. सगळे कपाट उपसून बसले की माणूस थकतो आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच बंद करतो. पोथीही पानापानानेच लिहून होते. कागद खाली ठेवण्याआधी अर्धे मिनिट थांबायचे, एवढीच सवय लागते. त्या अर्ध्या मिनिटात आपण दुसऱ्या कुणाचा तरी विचार केलेला असतो. तो आपल्याला भेटेलच असे नाही, आभार मानेल असेही नाही. पण प्रेम पुष्कळदा याच रूपात घरात नांदते: डब्यावर लिहिलेल्या तारखेत, औषधाच्या पाकिटावरच्या ‘सकाळी, जेवणानंतर’ या शब्दांत, किल्लीला बांधलेल्या चिठ्ठीत. आज असा एखादा कागद हातात आला की त्यावर तारीख घाला, आणि तो कशाचा आहे ते चार शब्दांत लिहा. उद्या घरात कुणाला तरी तो लागेल, आणि त्या वेळी तुम्ही कामावर असाल.