अंगीं मुरलेला सद्गुण

सवयीनें अंगीं मुरलेल्या सद्गुणाचें श्रेय मनुष्यास द्यावें कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतील जुना वाद आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मतें सद्गुण सवयीनेंच घडतो. उलट कांटनें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केवळ स्वभावाच्या ओढीनें घडलेल्या सत्कृत्यास खरें नैतिक मोल नाकारलें. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींतील एका कागदाचा विचार केल्यास हा वाद कांहींसा उलगडेल, असें आम्हांस वाटतें.

साध्या कागदावरील चांदीच्या क्षारांच्या थरावर बेताचा प्रकाश पाडला, तरी डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. कागद डेव्हलपरच्या द्रावणांत बुडविला म्हणजे चित्र हळूहळू वर येतें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वृत्तपत्रांसारख्या घाईच्या धंद्यांत निराळे कागद प्रचारांत आले. त्यांच्या थरांतच हायड्रोक्विनोनसारखें डेव्हलपर कारखान्यांत मिसळलेलें असे. कोरड्या कागदांत तें निद्रिस्त राही; अल्कलीचा स्पर्श होतांच कांहीं सेकंदांत चित्र उमटे.

सुसंस्कृत घरांत वाढलेलें मूल असेंच असतें. प्रसंग येतांच तें खरें बोलतें; विचारासाठीं थांबत नाहीं. हें भाग्य लहान नव्हे. बुडत्यास हात देण्याची वेळ वादविवादाची नसते.

परंतु त्या कागदांत डेव्हलपर सर्वत्र सारखेंच पसरलेलें असतें. कोणतें चित्र उमटावयाचें हें प्रकाश ठरवितो, डेव्हलपर नव्हे. आज्ञाधारकपणा अंगीं बाणलेला तरुण न्याय्य आज्ञा जितक्या तत्परतेनें पाळील, तितक्याच तत्परतेनें अन्याय्य आज्ञाही पाळील. संस्कार तत्परता देतो. विवेक देत नाहीं.

शिवाय त्या जलद रीतींत प्रकाश न लागलेले क्षार धुऊन काढीत नसत. दुसऱ्या एका द्रावणानें त्यांस केवळ निश्चेष्ट करीत. अशीं चित्रें कालांतरानें डागाळत व फिकीं पडत. तीं टिकवावयाचीं असल्यास हायपोंत बुडवून पाण्यांत नीट धुवावीं लागत. संस्कारांसही असें दुसरें स्नान लागतें, आणि तें ज्याचें त्यानें स्वतःच्या विचारानें घालावयाचें असतें. मुलांस चांगल्या सवयी लावून पुष्कळ आईबाप कृतार्थ होतात. पण वयांत आलेलीं मुलें त्याच सवयींचें कारण विचारूं लागलीं, म्हणजे तो त्यांस उद्धटपणा वाटतो. वस्तुतः त्या प्रश्नांतच सद्गुण पक्का होत असतो.

सवय लावल्याचें श्रेय आईबापांचें; ती पारखून पुन्हां पत्करण्याचें श्रेय मात्र ज्याचें त्याचें.