आरंभबिंदू कोणता मानावा?

वर्तुळाचे केंद्र आरंभबिंदूवर असेल तर क्ष² + य² = त्र² एवढे समीकरण पुरते. केंद्र (अ, ब) येथे असेल तर (क्ष − अ)² + (य − ब)² = त्र² असे लिहावे लागते. त्रिज्या दोन्हींत तीच.

असीरगडच्या मुलखातल्या आम्हां मंडळींना शाळेतला हा धडा अजून छळतो. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हा किल्ला पेशव्यांकडे आला. १८१९ साली शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांनी घेतला. आम्ही मात्र येथेच राहिलो. संसाराचे केंद्र येथे आणि आरंभबिंदू पुण्याला (सोयरीक जुळवताना तर हटकून!), म्हणून अ आणि ब सुटत नाहीत. अक्ष येथे सरकवले की समीकरण सुटसुटीत होईल. पण केवढे अंतर तोडून आलो, हे त्या दोन अक्षरांवाचून कोठेच लिहिलेले नाही. ती पुसणे आम्हांस मानवत नाही.