आधी विचारा



यरीहोच्या वाटेवरचा बार्तिमय आंधळा आहे, हे प्रभू येशूला दिसत होते. तरीही त्याला काय हवे, हे प्रभूने आधी त्यालाच विचारले. आपण आपल्या म्हाताऱ्या आईला विचारतो का? 'पडशील, बसून राहा,' असे आपण प्रेमानेच म्हणतो. परंतु बसून राहिल्याने पायांतले बळ जाते आणि पडण्याची भीती वाढते. न्हाणीघरात धरायला दांडी लावा, रात्री दिवा ठेवा. मिस्साला तिला चालत यायचे असेल, तर अर्धा तास लवकर निघा, तिच्या पावलाने चाला. एके दिवशी तिला उचलून आणावे लागेल. तेव्हाही आधी विचारा. देह थकतो, देवाने दिलेला मान म्हातारा होत नाही.

प्रभूमध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू