कोमेजू नये म्हणून

शास्त्रपाठ : निर्गम १८:१३-२७



गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एका शिक्षिकाबाईंनी रविवारच्या शाळेचे काम सोडले. आठवडाभर त्या शाळेत शिकवीत, रात्री वह्या तपाशीत. शनिवारी गायनाचा सराव, रविवारी मुलांचा वर्ग, दुपारी महिला मंडळ. आम्ही त्यांच्या सेवाभावाची वाखाणणी करीत असू आणि पुढचे कामही त्यांच्याकडेच देत असू. नाताळची नाटिका तर मीच त्यांच्यावर सोपविली होती. त्यांनी काम सोडताच कोणी म्हणाले, बाईंचा विश्वास थंडावला. मी गप्प राहिलो. ते मौन मला आजही बोचते.

मोशेही शिक्षकच होता. न्यायनिवाडा करताना तो लोकांना देवाचे विधी शिकवीत असे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे असत. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो. मोशेच्या निष्ठेत तो दोष काढीत नाही. एकट्याने सर्व भार वाहणे बरे नव्हे, एवढेच सांगतो.

भाषांतर करताना येथे माझी लेखणी थांबते. 'बरे नव्हे' आणि 'एकटा' हे शब्द पवित्र शास्त्रात प्रथम एदेन बागेत एकत्र येतात (उत्पत्ती २:१८). पुढे अठराव्या वचनात इथ्रो 'नाबेल' हे इब्री क्रियापद वापरतो. त्याचा अर्थ पानाफुलाप्रमाणे कोमेजणे. पहिल्या स्तोत्रातील प्रवाहाकाठच्या झाडाचे पान कोमेजत नाही, तेथेही हेच क्रियापद आहे. आणि इथ्रो म्हणतो की, मोशेच नव्हे, तर त्याच्याबरोबरचे लोकही कोमेजतील. शिक्षक सुकला की वर्गही सुकतो.

मग इथ्रो मोशेला काम सोडावयास सांगतो काय? नाही. शिकविणे मोशेकडेच राहते, कठीण वादही त्याच्याकडेच येतात. लहान वाद मात्र हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवरील नायक पाहतात. आपले काम कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे ओळखणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

आपल्या देशाच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरविताना पाठाच्या तयारीचा वेळही त्यात धरला आहे. कायदा तयारीचे तास मोजतो. मंडळी ते मोजते काय?

शिक्षक बंधुभगिनींनो, थकवा हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. मदत मागण्यात कमीपणा नाही. मोशेने सासऱ्याचे ऐकले. आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनो, पुढील सभेपूर्वी प्रत्येक नावापुढे त्याची कामे लिहून पाहा. एकाच नावापुढे चार कामे दिसली, तर त्यातील दोन तरी आपण उचलावीत.

मी बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. परत या, असे म्हणालो नाही. त्यांचा वर्ग आता आम्ही तिघे पाळीपाळीने घेतो. बाई रविवारी उपासनेत शेवटच्या बाकावर शांतपणे बसतात.

भाराक्रांतांना विसावा देणारा प्रभू आपणांस एकमेकांची ओझी वाहावयास शिकवो. आमेन.